ब्रेव्हियरी म्हणजे काय? पेटीत सापडलेले जुने प्रार्थनापुस्तक ओळखताना

खानापूर, लोंढा, नंदगड या बाजूचे एखादे जुने कॅथलिक घर आवरायला काढले, की माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली उतरते. वरती लग्नातले कपडे, मध्ये जमिनीचे कागद, आणि तळाशी काळ्या कातड्याच्या बांधणीचे, चांगले तीन-चार बोटे जाड पुस्तक. कडा लाल किंवा सोनेरी. मधून पाच-सहा रंगीत फिती लोंबत असतात. घरातले म्हणतात, "जुनं बायबल असेल." बहुतेक वेळा ते बायबल नसते.

आमच्या घरी असे पुस्तक होते. आजोबांचे एक चुलतभाऊ धर्मगुरू होते, त्यांचे. लहानपणी मी ते उघडायला गेलो की आजी कोकणीतून म्हणायची, "तें पाद्रीचें पुस्तक, पुता. आमचें न्हय." घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड अशा सीमाभागातल्या घरात वाढलेलो मी. तीन भाषा येत होत्या, पण पुस्तक चौथ्याच भाषेत होते. पहिल्या पानावरचा मोठा शब्द मी अक्षर अक्षर लावून वाचला: ब्रेव्हियारियम. म्हणजेच ब्रेव्हियरी, धर्मगुरूंनी रोज ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांचे पुस्तक. त्या शब्दाचा अर्थ नीट कळायला पुढे वीसेक वर्षे गेली. तुमच्या हातात असे पुस्तक नुकतेच आले असेल, तर तुमची ती वर्षे वाचावीत म्हणून हे लिहितो आहे. लॅटिन येण्याची गरज नाही. तुम्ही ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही.

पुस्तक उघडण्याआधी

हात धुऊन कोरडे करा. पुस्तक टेबलावर सपाट उताणे पसरू नका, कणा तडकतो. दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी घातलेले टॉवेल ठेवा आणि पुस्तक अर्धेच उघडू द्या. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओला फडका कातड्याला लावू नका.

आणि पुस्तक उलटे धरून झटकू नका. जुने धर्मगुरू आपले सगळे आयुष्य या पानांत ठेवत. संतांची छोटी चित्रे, कुणाच्या दीक्षाविधीचे कार्ड, कुणाच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, कार्ड, कधी सुकलेले पान. कार्ड ज्या पानात सापडले त्या पानालाही अर्थ असतो: त्या माणसाचे नाव त्या दिवशी प्रार्थनेत घ्यायचे होते. म्हणून कार्ड काढण्याआधी पानाचा क्रमांक लिहून ठेवा.

शब्द फोडा

आता मुखपृष्ठानंतरचे, पूर्ण नाव छापलेले पान काढा. मोठ्या अक्षरात ब्रेव्हियारियम रोमानुम असे दोन शब्द असतील तर अर्धे काम झाले. पोर्तुगीज अवतार ब्रेव्हिआरिओ, इंग्रजी ब्रेव्हियरी. आपल्याकडचे फादर बोलताना बहुधा इंग्रजीच रूप वापरतात.

लॅटिनमध्ये ब्रेव्हिस म्हणजे आखूड, थोडके. हीच मुळी इंग्रजीतल्या 'ब्रीफ' शब्दात आहे, म्हणजे आपल्या ब्रीफकेसमध्येही आहे. (इंग्रजी 'ब्रेव्ह', शूर, याच्याशी तिचा संबंध नाही. शाळकरी मुले हमखास तो लावतात.) ब्रेव्हिसपासून ब्रेव्हियारियम: थोडक्यात केलेली मांडणी.

मराठीत याला 'संक्षेप' म्हणता येईल, पण त्याहून नेमका शब्द आपल्याकडे आहे: गोषवारा. कीर्द-खतावणीची शेकडो पाने झाली की शेवटी एका पानावर सगळ्याचा मेळ दाखवतात, तो गोषवारा. रोमन लोकांनी हा शब्द अगदी याच अर्थाने वापरला. सम्राट ऑगस्टसच्या मृत्यूनंतर जे कागद उघडले गेले त्यांत संपूर्ण साम्राज्याचे एक ब्रेव्हियारियम होते: कुठे किती सैन्य, खजिन्यात किती पैसा, येणे किती. त्यात प्रार्थना नव्हती, हिशेब होता. पहिल्या शतकातला लेखक सेनेका तर या शब्दावर नाराज दिसतो. तो एका पत्रात म्हणतो की आज ज्याला सगळे ब्रेव्हियारियम म्हणतात, त्याला आपण चांगले लॅटिन बोलत होतो तेव्हा सुमारियम म्हणायचो. म्हणजे त्याच्या कानाला हा नवा, बाजारू शब्द होता. चौथ्या शतकात युट्रोपियसने रोमचा इतिहास थोडक्यात लिहिला, त्याचेही नाव ब्रेव्हियारियम. पुढे सन ५०६ मध्ये व्हिसिगॉथ राजा अलारिकने रोमन कायद्यांचा सारसंग्रह करवला, तोही याच नावाने ओळखला जातो.

हा शब्द देवघरात आला तो कचेरीतून, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. पुढचे सगळे कोडे तिथूनच सुटते.

मग एवढे जाड पुस्तक 'थोडक्यात' कसे?

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो, आणि विचारायलाच हवा. चार खंड, प्रत्येक हजार पानांच्या आसपास, आणि नाव गोषवारा!

उत्तर असे की पुस्तक आखूड नाही, पण ते ज्यांची जागा घेऊन बसले ती पुस्तके त्याच्याहून कितीतरी मोठी होती. कॅथलिक परंपरेत मठवासी आणि धर्मगुरू दिवसाच्या ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हणतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत एक ओळ आहे, दिवसातून सात वेळा तुझी स्तुती करतो, अशा अर्थाची. तिचा आधार घेऊन हा क्रम बसला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिला, त्यात दर आठवड्याला दीडशेच्या दीडशे स्तोत्रे पुरी झालीच पाहिजेत असे बजावले.

हे सगळे म्हणायला मठाच्या गायनकक्षात पुस्तकांची रांग लागायची. स्तोत्रांचे एक, ध्रुवपदांचे दुसरे, गीतांचे तिसरे, बायबलच्या वाचनांचे चौथे, धर्मपित्यांच्या, म्हणजे चर्चच्या सुरुवातीच्या आचार्यांच्या, प्रवचनांचे पाचवे, हुतात्म्यांच्या नामावळीचे सहावे. त्यांतली काही एवढी मोठी की लाकडी घोडीवर ठेवून चार-सहा जण एकत्र त्यातून गात. आज सोमवार, अमुक संताचा सण, तर कोणत्या पुस्तकातले काय घ्यायचे? त्यासाठी आधी फक्त यादी करायला लागले: प्रत्येक गोष्टीचे पहिले दोन-चार शब्द आणि क्रम. ही यादी म्हणजे ब्रेव्हियारियम, खराखुरा गोषवारा. पुढे अकराव्या शतकापासून यादीतल्या त्या दोन-चार शब्दांच्या जागी मजकूरही पुरा लिहिला जाऊ लागला, वाचने मात्र कापून छोटी केली गेली, आणि सहा पुस्तकांचे एक पुस्तक झाले. नाव यादीचेच राहिले.

ते जगभर पसरवले फिरत्या साधूंनी. मठात राहणाऱ्याला घोडीवरचे पुस्तक चालते. रस्त्यावर चालणाऱ्याला झोळीत मावणारे लागते. संत फ्रान्सिस असिसीकरच्या संघाचा नियम १२२३ साली पोपने मंजूर केला, त्यात दीक्षित बंधूंना ब्रेव्हियरी बाळगायची मुभा स्पष्ट लिहिली आहे. फ्रान्सिस्कन जिथे गेले तिथे पोपच्या दरबारी चालणारी ही आटोपशीर प्रत गेली.

वारकऱ्याच्या पिशवीतला गुटका आठवा. गाथा मोठी, ज्ञानेश्वरी मोठी. वाटेत नित्यपाठाला हरिपाठ आणि निवडक अभंगांचा गुटका पुरतो. दोन्हींत सांगितलेला देव वेगळ्या नावाचा आहे, पण पुस्तकाचा आकार पायांनी ठरवला हे दोन्हीकडे सारखेच. मी नवख्यांना ब्रेव्हियरी समजावताना गुटक्याचाच दाखला देतो आणि तो लगेच पटतो.

छापखान्यातही या पुस्तकाने खूण ठेवली. आठ पॉइंटच्या आसपासच्या बारीक टाइपाला जुने इंग्रज छापखानेवाले ब्रेव्हियर म्हणत. ब्रेव्हियरी त्या आकारात छापत म्हणून हे नाव पडले असे मानले जाते.

'ऑफिस' या शब्दाने फसू नका

पुस्तकात पुढे पुढे ऑफिचियुम असा शब्द दिसेल, इंग्रजीत डिव्हाईन ऑफिस. इथे कचेरीचा संबंध नाही. लॅटिन ऑफिचियुम म्हणजे कर्तव्य, नेमून दिलेले काम. मराठीत नित्यकर्म. ब्रेव्हियरी हे पुस्तकाचे नाव आणि ऑफिस हे त्यातून रोज पार पाडायच्या प्रार्थनेचे. जुने फादर "माझे ऑफिस राहिले आहे" म्हणून जेवणावरून उठत, तेव्हा ते हेच म्हणत असत.

आता खात्री करा: ब्रेव्हियरीच आहे ना?

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मिसलशी. मिसल हे मिस्साचे, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेचे पुस्तक. लॅटिनमध्ये उपासना संपताना धर्मगुरू 'इते, मिस्सा एस्त' म्हणत: जा, निरोप झाला. निरोपाच्या त्या शब्दावरूनच सगळ्या उपासनेला मिस्सा नाव पडले. आपल्या भागात तुम्हाला तिची तीन नावे ऐकू येतील: मराठीत मिस्सा, कोकणीत मीस, कन्नडमध्ये बलिपूजे. एकाच चर्चच्या फळ्यावर वेळापत्रक वाचताना गोंधळू नका, तिन्ही एकच.

ओळखायची खूण सांगतो. जुन्या मिसलच्या मध्यावर बहुधा क्रुसावरच्या ख्रिस्ताचे पानभर चित्र असते, आणि समोरचे पान मोठ्या नक्षीदार टी अक्षराने सुरू होते. तिथली पाने सर्वात मळलेली असतात, कारण रोज तीच उघडली जात. ब्रेव्हियरीत असे चित्र-पान मध्ये नसते. तिथे आठवड्याच्या वारांप्रमाणे लावलेली स्तोत्रे असतात, आणि मथळ्यात माटुतिनुम, लाउदेस, प्रिमा, तेर्सिया, सेक्स्ता, नोना, व्हेस्पेरे, कॉम्प्लेतोरियुम यांपैकी शब्द पुन्हा पुन्हा येतात. हे दिसले की शंका नको.

पुस्तक अगदी पातळ असून त्यात बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी असेल तर ते विधिपुस्तक.

बेळगावच्या कॅम्प भागातून आलेल्या इंग्रजी पुस्तकांबाबत आणखी एक काळजी घ्या. तिथे इंग्रजांची छावणी होती, आणि कॅम्पातले सेंट मेरीज हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतले चर्च. पुस्तकावर 'कॉमन प्रेयर' असे शब्द असतील तर ते अँग्लिकन प्रार्थनापुस्तक. त्याची पहिली आवृत्ती १५४९ ची आणि सर्वांत रूढ आवृत्ती १६६२ ची. ब्रेव्हियरीशी त्याचे नाते मात्र आहे: ब्रेव्हियरीतल्या पहाटेच्या प्रार्थना एकत्र करून त्यात एक सकाळची प्रार्थना केली, संध्याकाळच्या एकत्र करून एक सायंप्रार्थना. गोषवाऱ्याचा गोषवारा म्हणा.

उरलेली पुस्तके घरच्या माणसांची. त्यांना आजी मागण्यांचे पुस्तक म्हणायची; कोकणीत मागणें म्हणजे प्रार्थना. ती बहुधा रोमन लिपीतल्या कोकणीत असतात. एक्स हे अक्षर 'श'साठी वापरलेले दिसले की गोव्याकडची रोमी कोकणी समजा. कोकणीतले पहिले ज्ञात छापील पुस्तकही याच लिपीतले: फादर थॉमस स्टीफन्स यांची 'दौत्रीना क्रिस्तां', राशोलला १६२२ साली छापलेली. ख्रिस्तपुराणाचे कर्तेही तेच, ते १६१६ चे. शिकवणीला आपल्या बायका दोतोर्न म्हणतात तो शब्द या दौत्रीनाचाच.

तेर्स आणि तेर्सिया

इथे थोडे थांबतो, कारण हा भाग मला फार आवडतो.

आपल्या घराघरांत संध्याकाळी गुडघ्यांवर बसून तेर्स म्हणतात, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ब्रेव्हियरीत तेर्सिया आहे. एकच का? नाही. तेर्स हा पोर्तुगीज तेर्सो, म्हणजे तिसरा हिस्सा. पूर्वी पूर्ण जपमाळ पंधरा दशकांची (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) होती, रोज त्यातली पाच म्हणायची, म्हणून तिसरा हिस्सा. तेर्सिया म्हणजे तिसरा तास. रोमन लोक सूर्योदयापासून तास मोजत, त्यामुळे तिसरा तास सकाळी नऊच्या सुमारास येतो, सहावा म्हणजे सेक्स्ता भर दुपारी, नववा म्हणजे नोना दुपारी तीनला. आपल्या प्रहरांची मोजणी आठवली की हे सोपे जाते. तेर्स आणि तेर्सिया बहिणी खऱ्या, 'तीन'च्या पोटच्या, पण संसार वेगळे.

त्याच रांगेत नोना आणि नोव्हेन. दोन्हीत नऊ आहे: नोना नववा तास, नोव्हेन नऊ दिवसांची प्रार्थना. सेक्स्तापासून स्पॅनिश सिएस्ता, दुपारची वामकुक्षी. इंग्रजी 'नून' हा नोनाच. प्रार्थना हळूहळू लवकर उरकली जाऊ लागली आणि तीनचा शब्द बारावर येऊन बसला.

आपल्या बायाबापड्यांनी धर्मगुरूंच्या पुस्तकाला कधी हात लावला नाही, पण त्या पुस्तकाच्या शब्दांची भावंडे त्यांच्या तोंडी रोज होती. आजीला मी हे सांगू शकलो असतो तर बरे झाले असते.

पुस्तक कधीचे?

पहिल्या पानाच्या तळाशी रोमन अंक असतील. एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. लहान अंक मोठ्याच्या आधी आला तर वजा करा. एम, मग डी-सी-सी-सी, मग एक्स-सी, मग आय-आय: १०००, ८००, ९०, २. साल १८९२.

वर्षाशेजारी गावाचे नाव लॅटिनमध्ये असते आणि नवखे तिथे अडखळतात. रातिस्बोने म्हणजे जर्मनीतले रेगेन्सबुर्ग, मेक्लिनिए म्हणजे बेल्जियमचे मेखेलेन, तुरोनिबुस म्हणजे फ्रान्समधले तूर. ही छापखान्यांची गावे; पुस्तकाचा मालक तिथला होता असे समजू नका. आतल्या बाजूला 'इम्प्रिमातुर' म्हणजे छापले जावो, आणि 'निहिल ऑब्स्तात' म्हणजे हरकत नाही, असे परवान्याचे शब्द आणि तारीख मिळते.

पहिले पानच फाटलेले असेल तर? तेव्हा या खुणा बघा.

सुरुवातीच्या पानांत पुढच्या बऱ्याच वर्षांच्या ईस्टरच्या तारखांचा तक्ता असतो. त्यातले पहिले वर्ष छपाईच्या वर्षाच्या जवळचे.

रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत, कॉम्प्लेतोरियुममध्ये, आठवड्याचे सातही दिवस तीच ती स्तोत्रे आहेत का? तर मांडणी १९११ च्या आधीची. त्या वर्षी दहावे पायस पोप यांनी स्तोत्रांची वाटणी बदलली आणि प्रत्येक वाराला वेगळी स्तोत्रे दिली. त्याआधीची मांडणी पाचव्या पायस पोपनी १५६८ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर लागू केलेली. दोनशे वर्षांहून जुनी परंपरा नसलेली इतर सगळी ब्रेव्हियरी त्यांनी तेव्हा बंद केली.

प्रिमा, म्हणजे पहिल्या तासाची प्रार्थना, आहे का? असेल तर पुस्तक जुन्या पद्धतीचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ती रद्द करायचे ठरवले आणि १९७१ पासून निघालेल्या नव्या पुस्तकात ती नाही. नव्या पुस्तकाचे अधिकृत नावही बदलले, 'तासांची उपासना' अशा अर्थाचे झाले. तरी फादर लोकांच्या तोंडातून ब्रेव्हियरी काही गेली नाही.

तुमच्याकडे मिसल निघाले असेल तर त्याच्या मुख्य प्रार्थनेत संत योसेफचे नाव शोधा. ते १९६२ च्या अखेरीस घातले गेले.

पुस्तक जुने असेल आणि आपल्याच भागातल्या धर्मगुरूचे असेल, तर ते गोव्याशी जोडलेले असण्याची शक्यता मोठी. बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. त्याआधी इकडचा बराच मुलूख गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. म्हणून समासातल्या हस्ताक्षरात पोर्तुगीज सापडले तर दचकू नका.

काळे आणि लाल

पाने दोन रंगांत छापलेली दिसतील. काळे असेल ते म्हणायचे, लाल असेल ते करायचे किंवा समजून घ्यायचे: आता उभे राहा, आता अमुक ऋतूत हे गाळा. लाल मजकुराला रुब्रिक म्हणतात. हा शब्द कुठून आला? लॅटिन रुब्रिका म्हणजे तांबडी माती, आपला गेरू. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत दंड आणि अध्यायसमाप्ती हिंगुळाने किंवा गेरूने रंगवत, तसेच तिकडेही. ज्याने लाल सोडून काळे वाचले तो प्रार्थना म्हणेल, पण चुकीच्या दिवशी.

छेद दिलेली दोन अक्षरे वारंवार येतात. व्ही म्हणजे एकाने म्हणायची ओळ, आर म्हणजे बाकीच्यांचे उत्तर. स्तोत्राच्या आधी आणि नंतर येणारी छोटी ओळ म्हणजे अँटिफन; आपण तिला ध्रुवपद समजावे.

स्तोत्रांचे क्रमांक मराठी बायबलशी जुळत नाहीत, आणि पुष्कळ जण इथेच पुस्तक मिटवतात. जुन्या लॅटिन बायबलात ९ वे आणि १० वे स्तोत्र एकत्र धरले आहे, त्यामुळे पुढची बहुतेक स्तोत्रे एकाने मागे जातात. मेंढपाळाचे स्तोत्र मराठीत २३ वे, लॅटिन ब्रेव्हियरीत २२ वे. पश्चात्तापाचे प्रसिद्ध स्तोत्र ५१ वे, तिथे ५० वे. १ ते ८ आणि १४८ ते १५० जागच्या जागी आहेत. मराठी बायबल शेजारी उघडून ठेवा, एक मिळवा, आणि लॅटिनचा शब्दही न येता तुम्ही पान वाचू लागाल. माझे सगळे लॅटिन याच वाटेने आले.

आजचे पान काढायचे कसे

हे नव्या, चार खंडांच्या पुस्तकाबद्दल सांगतो, कारण वापरात तेच आहे. पहिला खंड आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आणि नाताळ. दुसरा उपवासकाळ (ईस्टरआधीचे आठवडे) आणि ईस्टर. तिसरा सामान्य काळाचे, म्हणजे या सणकाळांबाहेरच्या दिवसांचे, १ ते १७ आठवडे. चौथा १८ ते ३४. जुन्या पुस्तकाचे खंड हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद असे ऋतूंचे होते. ते युरोपचे ऋतू, आपला पावसाळा त्यात नाही.

स्तोत्रे चार आठवड्यांच्या फेऱ्यात लावली आहेत. आज कोणता? सामान्य काळाच्या आठवड्याला चारने भागा, बाकी उरेल तो. १८ वा आठवडा असेल तर बाकी २, म्हणून दुसरा आठवडा. बाकी शून्य आली तर चौथा. आगमनकाळ, उपवासकाळ आणि ईस्टर यांच्या पहिल्या रविवारी मोजणी पुन्हा एकपासून.

आता फिती. एक फीत स्तोत्रांच्या आजच्या वाराला, दुसरी चालू काळाच्या भागाला, तिसरी संतांच्या दिनविशेषाला, चौथी रोज न बदलणाऱ्या भागाला. संध्याकाळची प्रार्थना घ्या: आरंभाची हाक, गीत, दोन स्तोत्रे आणि नव्या करारातले एक गीत, छोटे वाचन, त्याचे उत्तर, मग मरियेचे स्तुतिगीत, विनंत्या, प्रभूची प्रार्थना, समारोप. एवढेच. पंधरा मिनिटे.

सरावासाठी ३ डिसेंबर घ्या, संत फ्रान्सिस झेवियरचा सण. ओल्ड गोव्यातला नोव्हेन २४ नोव्हेंबरला सुरू होतो आणि आपल्या भागातून कित्येक जण घाट उतरून पायी जातात. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो, तेव्हा हा दिवस नेहमी त्या काळातच असतो, आणि कधी रविवारवरच येतो. तो रविवारी आला तर सामान्य नियमाने रविवारला मान. संतांच्या भागात डिसेंबर काढा, तारीख शोधा, आणि लाल मजकूर काय सांगतो ते वाचा. दोन-तीन वर्षांचे ३ डिसेंबर असे काढून पाहिलेत की पुस्तक हातात बसते.

पुस्तक टिकवताना

कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर पत्र्याची पेटी आतून घाम धरते. पुस्तक पेटीत नको, हवा खेळेल अशा कपाटात, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. पाऊस संपला की सावलीत पाने वारवा; उन्हात नको. कसर लागली असेल तर ते पुस्तक बाकीच्यांपासून आधी वेगळे करा.

आणि नव्याने बांधून घेण्याची घाई करू नका. हे मी का सांगतो ते सांगायला हवे. आजोबांच्या भावाचे ते पुस्तक मी तरुणपणी एका बाइंडरकडे दिले. कणा सुटला होता, वाटले नवे दिसेल. परत आले ते सुंदरच आले, पण कडा सारख्या करण्यासाठी मशीनने समास कापला होता. त्या समासांत बारीक पेन्सिलने त्यांनी पन्नासेक वर्षांच्या नोंदी केल्या होत्या: आज कुठल्या गावी, कुणाला अंत्यसंस्कार दिला, कुणाची आई गेली. कित्येक ओळी अर्ध्यावर तुटल्या. बाइंडरने त्याच्या रीतीप्रमाणे केले. सांगायचे होते मी, आणि मला ठाऊक नव्हते. कणा सुटला असेल तर मऊ सुती फितीने पुस्तक हलके बांधून ठेवा, एवढे पुरते. बांधायचेच असेल तर समास कापू नये हे कागदावर लिहून द्या.

शेवटचे काम पेन्सिलचे आहे, पेनचे नाही. एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहा: पुस्तक कुणाचे, कोणत्या घरातून, कोणत्या साली हाती आले, घरातले त्याला काय म्हणत. हा शेवटचा रकाना विसरू नका. कुणाकडे 'फादरांचे बूक' असेल, कुणाकडे 'लातीनाचें', कुणाकडे फक्त 'तें काळें'. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि आजच विचारा. चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याच्या आत सैल ठेवा, चिकटवू नका.

माझ्या पुस्तकातल्या चिठ्ठीवर नाव, गाव, साल आहे. खाली लिहिले आहे: आजी याला 'पाद्रीचें पुस्तक' म्हणे. त्याखाली, समासातून तुटलेल्या ओळींपैकी मला आठवतात तेवढ्या अकरा ओळी.